इंजिन ‘मिसिंग’ का मारते?

कल्याणहून माळशेज घाट चढून जुन्नरकडे येणारी एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी मध्येच धक्के देऊ लागते. ‘इंजिन मिसिंग मारतंय,’ मेकॅनिक म्हणतो. म्हणजे काय?

या पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर असतात. त्यांत पाळीपाळीने ठिणगी पडून इंधन जळते. एकाची पाळी चुकली की धक्का बसतो. दोषी कोण? मेकॅनिक चालू इंजिनातील एकेका प्लगची तार सोडवतो. चांगल्या सिलिंडरची तार सुटताच आवाज बदलतो; जिथे फरक पडत नाही, तोच आळशी! (तारेत हजारो व्होल्ट असतात. तुम्ही हात लावू नका.)

प्लग बदलूनही दोष राहिला, तर सिलिंडरमधील दाब मोजतात. कमी भरला तर प्लगच्या भोकातून थोडे तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या. न वाढल्यास संशय मुख्यतः झडपांवर.

मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते. झडप तापून लांबते, म्हणून तिच्या टोकाशी मिलिमीटरहूनही लहान फट ठेवतात. फट वाढली तर टकटक ऐकू येते. फारच कमी झाली तर आवाज होत नाही. पण झडप पुरती मिटत नाही, दाब निसटतो आणि झडप जळते.

तेव्हा मित्रांनो, शांत इंजिन निरोगी असतेच असे नाही!