थोरलीच्या कडेवरचा धाकटा



वारकरी सज्जनहो, गेल्या कार्तिकात अलिबाग-मुरूड किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात कीर्तनसेवेला गेलो होतो. सकाळी एका उंबऱ्यावर सात-आठ वर्षांची पोर उभी, कडेवर धाकटा भाऊ. ‘शाळेत नाय गेलीस, बाय?’ म्हणून विचारले. म्हणाली, ‘आय मावरा इकाला गेली, याला कोन बगल?’ रात्री निरूपणाला उभा राहिलो तरी तेच वाक्य कानात.

हा प्रश्न जुना आहे. बोर्डी गावी, मुंबईच्या उत्तरेस समुद्राकाठीच, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालवाडीचे काम मांडले. जोडीला अनुताई वाघ. हरिजनवाड्यातली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. शंखशिंपले, खडे, पाने, बिया हेच साहित्य. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचे, मग गाणी-गोष्टी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आदिवासी मुली भावंडे सांभाळण्यापायी शाळेला मुकत. बाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली, तिला विकासवाडी म्हटले. धाकटा पाळण्यात निजला की थोरलीचे हात पाटीला मोकळे!

२ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी बालविकास योजनेत अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पण आपण तिला खिचडीची जागा समजतो, नाहीतर तीन वर्षांच्या पोराने ‘ग म भ न’ गिरवावे म्हणून बाईंच्या मागे लागतो. अहो, तैत्तिरीय उपनिषदात शीक्षावल्ली आहे, तीत आरंभी वर्ण, स्वर, मात्रा, म्हणजे कानाचे शिक्षण. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे छडी! आपल्याच घरी पाहा ना, भजनात आजीच्या मांडीवरचे पोर अक्षर येण्याआधी टाळाचा ठेका धरते.

आता त्या कोळीवाड्याचे. अंगणवाडीत बसायची मुले तीन वर्षांपुढची. कडेवरचे तान्हे तिथे दिवसभर राहात नाही. आई तर पहाटेच पाटी घेऊन निघते. म्हणून तिथल्या भजनी मंडळाला मी विनवले की सकाळी देवळाचा सभामंडप रिकामाच असतो. दोन आज्या आळीपाळीने बसल्या, एक झोळी बांधली, तर थोरली शाळेत जाईल. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘बुवा, पोरं देऊळ घाण करतील.’ करतील. पुसून घ्यावे. पखवाज तेवढा खुंटीला वर टांगा, नाहीतर पोरे शाई उकरतील.