ठेल्यावरचा घास : चव, भरवसा आणि साफसफाई

कापडाचा धंदा करणाऱ्याने खाण्याच्या ठेल्यांवर लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आमच्या वणीत आमच्याच गल्लीतील तरुण मुले एकामागून एक ठेले लावू लागली आहेत. कोणी आम्लेट-पावाचा, कोणी बिर्याणीचा, कोणी कबाबाचा. एक-दोघे जुना टेम्पो घेऊन त्याचा 'फूड ट्रक' करण्याच्या विचारात आहेत आणि भांडवलाचे बोलणे करायला आमच्या गादीवर येऊन बसतात. पैशाची गोष्ट निघते, जागेची निघते, मसाल्याचीही निघते. पाण्याची, हाताची आणि उरलेल्या मालाची गोष्ट मात्र कोणी काढीत नाही. म्हणून आज तीच काढावी असे ठरविले.

गिऱ्हाईक ठेल्यावर का येते?

वणी हे कोळशाचे आणि कापसाचे गाव. उकणी, निलजई, कोलारपिंपरी या खाणींतील पाळीवरून सुटलेला कामगार, कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर, कापूस विकायला आलेला शेतकरी, यांना हॉटेलात बसून वाट पाहायला वेळ नसतो. त्यांना गरम, स्वस्त आणि लगेच पाहिजे असते. तर्री-पोहा, आलुबोंडा, समोसा, सांबारवडी हे सर्व त्यासाठीच. चाकांवरच्या खाण्याची कहाणीही अशाच माणसांपासून सुरू होते. १८७२ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्री काम करणाऱ्यांना खाणे विकायला सुरुवात केली. आजच्या फूड ट्रकचा तो पूर्वज मानला जातो.

दुसरे कारण आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ठेल्यावर पदार्थ डोळ्यांसमोर तयार होतो. हॉटेलचा भटारखाना भिंतीआड असतो, ठेल्याची कढई उघडी असते. आमच्या दुकानात गिऱ्हाईक तागा उलगडून, बोटांत चोळून कापड पाहते. तसेच ते ठेल्यावर कढईकडे पाहते आणि मगच पैसे काढते. हा भरवसा हेच ठेलेवाल्याचे खरे भांडवल आहे.

डोळा कोठे फसतो?

परंतु डोळ्याला सर्व दिसत नाही, हे आम्ही स्वतःच्या शरीरावर शिकलो. काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या आधी माल भरण्यासाठी आम्ही नागपूरला गांधीबागेत गेलो होतो. सोबतचा मदतनीस पोरगा भुकेला झाला, म्हणून रस्त्यावरच्या एका गाडीवर त्याच्यासाठी फ्राइड राइस घेतला. आमचा रोजा होता. मगरीबनंतर त्याच गाडीवर आम्हीही तोच भात खाल्ला. मोठी आच, धूर निघणारी कढई, भात आमच्यासमोर परतलेला. याहून ताजे काय असणार, असे वाटले. दुपारी खाणारा पोरगा ठणठणीत राहिला. आम्हाला मात्र तीन तासांत उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवस सलाइनवर काढावे लागले. पसंत केलेला माल दुसऱ्याने उचलला. ईदच्या तोंडावर आमची अर्धी मांडणी रिकामी राहिली.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. कच्च्या तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जंतूची बीजे असू शकतात आणि ती भात शिजविल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास कोमट पडून राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा कढईत परतले तरी नाहीसे होत नाही. दुपारी ज्या भाताने काही केले नाही, त्याच भाताने संध्याकाळी आम्हाला आडवे केले. परतणे आम्ही पाहिले होते, मधले सहा तास पाहिले नव्हते. ठेल्याचा धोका बहुतेक वेळा अशा न दिसणाऱ्या वेळेत, पाण्यात आणि हातात असतो.

पाच गोष्टी ध्यानात ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नासाठी पाच नियम सांगितले. आपल्या धंद्याच्या भाषेत ते असे :

१) स्वच्छता. पैसे घेणारा हात आणि खाणे देणारा हात वेगळा ठेवा. एकटा माणूस असेल तर चिमटा, झारा वापरा. हात साबणाने धुवा. बोटाला जखम किंवा फोड असेल त्या दिवशी खाण्याला हात लावू नका, कारण पिकलेल्या जखमेतील जंतूही अन्नात विष तयार करतात. कापडवाले म्हणून एक गोष्ट आम्ही खात्रीने सांगतो. ठेल्यावरचे सर्वांत घाण वस्तू म्हणजे पुसायचे फडके. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि ओलाव्यात जंतू वाढतात. एकाच फडक्याने पाट, ताटली आणि हात पुसू नका. दिवसाला सहा-आठ फडकी ठेवा, रात्री उकळत्या पाण्यात टाका आणि कडक उन्हात वाळवा. हा खर्च चिंध्यांच्या भावाचा आहे.

२) कच्चे आणि शिजलेले वेगळे. कच्चे मांस कापलेल्या सुरीने आणि पाटावर कांदा-काकडी कापू नका. मांस हलाल आहे एवढे पाहून काम संपत नाही. कापल्यावर ते किती तास उन्हात टांगलेले होते, हेही पाहिले पाहिजे.

३) पूर्ण शिजविणे. कबाब वरून लाल आणि आतून कच्चा राहू नये. मांसाचा तुकडा मोडून पाहावा. दुसऱ्यांदा गरम करताना कोमट करू नये, वाफ येईपर्यंत तापवावे.

४) गरम ते गरम, थंड ते थंड. ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्न उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हा हिशोब मनात पक्का ठेवा. बिर्याणीची देग मंद आचेवर गरम राहू द्या. एक मोठी देग दिवसभर पुरविण्यापेक्षा दोन लहान देगी वेळेवर उतरविणे चांगले. गॅस थोडा अधिक जळेल, पण उरलेला माल कमी होईल.

५) पाणी आणि माल. पिण्याचे पाणी झाकलेल्या, तोटीच्या भांड्यात ठेवा. त्यात ग्लास बुडवू देऊ नका. बर्फ खाण्याचाच घ्या. बिगर-खाद्य बर्फ निळ्या रंगाचा असावा, असा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढला, तो याच कारणाने. रसवंती आणि बर्फगोळावाल्यांनी तो विसरू नये.

याशिवाय तेल. वारंवार तापवून काळे, चिकट झालेले, फेस येणारे तेल बदला. तेल किती खराब झाले, हे त्यातील 'ध्रुवीय संयुगां'च्या प्रमाणावरून मोजतात आणि ते २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास १ जुलै २०१८ पासून देशात मनाई आहे. भजी वर्तमानपत्रात बांधून देण्याची सवयही सोडा. छपाईची शाई तेलात उतरते आणि २०१८ च्या वेष्टन नियमांनी ती बंद केली आहे. हा लेख छापलेला कागदही त्याला अपवाद नाही!

फूड ट्रक घेणाऱ्यांसाठी

वणीच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ किती उडते, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. घुग्घुस किंवा वरोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उघडा ठेला लावला तर चटणीवर धूळ बसणारच. बंद गाडीचा पहिला फायदा हाच. शिवाय तीत पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी आणि झाकणाचे कपाट बसविता येते.

पण बंद गाडीत गॅस हा मोठा धोका आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून खाली जाळीची खिडकी पाहिजे. सिलिंडर धंद्याचाच, १९ किलोचा घ्यावा. घरगुती सिलिंडर धंद्यात वापरणे कायद्याने गुन्हा आहे. नळी आयएसआय शिक्क्याची असावी आणि मुदतीत बदलावी. आगीजवळ टेरिकॉटचा सदरा घालू नका. तो वितळून कातडीला चिकटतो, सुती कापड तसे चिकटत नाही. गाडीच्या बांधणीत बदल करण्यापूर्वी आरटीओची मंजुरी घ्या, नाही तर अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करील.

कागद पक्के ठेवा

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. लहान ठेलेवाल्याला मोठा परवाना लागत नाही, पण नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत ती वर्षाला शंभर रुपयांत ठेवली होती. शुल्क आणि उलाढालीची मर्यादा बदलत असते, म्हणून अर्ज करताना अन्न व औषध प्रशासनाकडे विचारून घ्यावे. घाणीत अन्न तयार केल्यास कलम ५६ खाली एक लाखापर्यंत दंड आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रीचे प्रमाणपत्र मिळविण्याचा हक्कही दिला आहे. त्यासाठी नगर परिषदेच्या पाहणीत नाव आले पाहिजे. नाव असेल तर उद्या कोणी ठेला हटवायला आला तर दाखवायला हाती काही राहते.

ठेला स्वच्छ राखायला हॉटेल बांधावे लागत नाही. अहमदाबादच्या कांकरिया तलावाच्या परिसराला २०१८ मध्ये देशातील पहिले 'स्वच्छ रस्ता-खाद्य केंद्र' म्हणून मान मिळाला, तोही गाड्या-टपऱ्यांनाच.

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. आमच्या दुकानातील कापडाचा रंग गेला तर गिऱ्हाईक परत येते, आम्ही तागा बदलून देतो, माफी मागतो, संबंध टिकतो. खाल्लेला घास परत घेता येत नाही. ज्या गाडीने आम्हाला आजारी पाडले, तिच्या मालकाला ते आजपर्यंत माहीत नाही. आम्ही भांडायला गेलो नाही. फक्त पुन्हा तेथे गेलो नाही, आणि ओळखीच्या कोणाला जाऊ दिले नाही. ठेलेवाल्याचे नुकसान असे मुकाट्याने होते. म्हणून आता भांडवल मागायला येणाऱ्या मुलाला आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो : रात्री उरलेल्या मालाचे काय करणार? ज्याचे उत्तर 'टाकून देईन' असे आहे, त्याच्याशी पुढची गोष्ट सुरू होते.