रस्त्यावरील इशाऱ्याच्या पाट्या व आपली उसाची ट्रॉली

दिवाळी उलटली म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत गाळपाचा हंगाम सुरू होतो, आणि राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव, नेवासें या भागांतील रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनीं व बैलगाड्यांनीं रात्रंदिवस भरून जातात. त्याच रस्त्यांवरून भरधांव मोटारीही धांवतात. तेव्हां रस्त्यावरील खुणांचें ज्ञान हें आतां शेतकऱ्याच्या कामाचाच एक भाग झालें आहे.

आमची उमेद महसुलाच्या दप्तरांत गेली. गांवच्या नकाशावरील खुणा ज्यास वाचतां येतात, त्यास बांधावर न जातां हद्द कळते. तद्वत् पाटी वाचणारास वळण दिसण्यापूर्वींच तें कळतें. पाटीचा पहिला अर्थ तिच्या आकारांत असतो. लाल कडेचा व टोंक वर असलेला त्रिकोण हा सावधगिरीचा इशारा होय : पुढें वळण, अरुंद पूल, शाळा, रेल्वेचें फाटक किंवा गुरांची वाट आहे. गोल पाटी ही आज्ञा समजावी. लाल कडेची बहुधा मनाई करते, निळी सक्ती सांगते. चौकोनी पाटी माहिती देते. टोंक खालीं असलेला त्रिकोण म्हणजे ‘दुसऱ्यास आधीं जाऊं द्या’, आणि लाल अष्टकोन म्हणजे ‘थांबा’. करंजी किंवा चंदनापुरी घाट उतरतांना उताराचा त्रिकोण दिसतांच खालचा गिअर घालावा. भरलेली ट्रॉली नुसत्या ब्रेकवर सोडूं नये; सतत दाबलेला ब्रेक तापतो व त्याची पकड जाते.

परंतु एका धोक्यास पाटी नसते, व तो आपणच निर्माण करतों. तो म्हणजे अंधारांत उभी असलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारें १७ मीटर जाते. ट्रॉली ५० मीटरांवर दिसली, तर चालकास तीनच सेकंद मिळतात. त्यांतील एक-दीड सेकंद धोका उमजून ब्रेकवर पाय जाण्यांतच सरतो.

गेल्या पौषांत सायंकाळीं आम्ही मुलाच्या मोटारसायकलवर मागें बसून येत होतों. वाटेंत एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. चालकानें मागें दगड व बोराटीची फांदी ठेवली होती, पण आम्हांस दिसला तो त्याच्या हातांतील मोबाईलचा उजेड. त्या उजेडामुळेंच आम्ही वांचलों.

म्हणून हंगामापूर्वीं प्रत्येकानें ट्रॉलीच्या व बैलगाडीच्या मागें दोन्ही कडांस तांबडे रिफ्लेक्टर लावावे, आणि लोंबणाऱ्या वाढ्यांनीं ते झांकले जाणार नाहींत हें पाहावें. ट्रॉली बंद पडल्यास ती रस्त्याबाहेर घ्यावी; तें न जमल्यास मागें निदान ५० मीटरांवर चमकणारा तांबडा त्रिकोण ठेवावा. चाक बसल्यावर रस्त्यांतील दगड उचलल्यावांचून गाडी हलवूं नये. या साऱ्यास येणारा खर्च एक टन उसाच्या मोलाहून पुष्कळच कमी आहे, आणि मागून येणारा बहुधा आपल्याच शिवारांतील कोणी तरी असतो.