मेणवलीचा वाडा

माझे बाबा सुतार आहेत. कुठे जुना वाडा पाडला की त्यातले लाकूड ते विकत आणतात. आमच्या ओसरीवर अशीच एक लांब तुळई पडून होती. तिच्यावर बसून मी पाढे पाठ करायची. पण अख्खा वाडा मी पाहिला नव्हता. तो आमच्या सहलीत पाहिला.

मेणवली हे गाव सातारा जिल्ह्यात वाईजवळ कृष्णा नदीच्या काठी आहे. तेथे नाना फडणवीस यांचा वाडा आहे. नानांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. त्यांचा जन्म १७४२ साली झाला व मृत्यू १८०० साली. ते पेशव्यांचे फडणीस होते, म्हणजे राज्याचा हिशेब पाहत. म्हणजे वाडा सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे! त्यांची पुष्कळ कागदपत्रे या वाड्यात होती. त्यांना मेणवली दप्तर म्हणतात.

वाड्याला सहा चौक आहेत. भिंती चांगल्याच जाड. मी गुरुजींना विचारले, "मग आत उजेड कुठून येतो?" गुरुजी म्हणाले, "वर बघ." वर आभाळ होते. चौक उघडा असतो, त्यातून उजेड आणि वारा दोन्ही येतात. काही भिंतींवर जुनी रंगीत चित्रे आहेत.

वाड्यामागे दगडी घाट आहे. तेथे मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ आहे. जवळच एक मोठी घंटा टांगली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिकडची ती घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे.

घरी आल्यावर मी बाबांना सगळे सांगितले. बाबांनी आमच्या तुळईचे टोक दाखवले. खांबाला कुसू ठेवतात, तुळईला भोक पाडतात आणि ठोकून बसवतात. खिळा लागत नाही. खांबाखाली दगडी तळखडा असतो, म्हणून खालची ओल लाकडाला लागत नाही.

मी विचारले, "मग वाडे पडतात कशाने?"

बाबा म्हणाले, "वरच्या पाण्याने. एक कौल सरकलं की पाणी आत शिरतं. भिंत भिजते, लाकूड कुजतं. मी जातो तेव्हा वाडा आधीच बसलेला असतो, पोरी."

मी म्हटले, "ही तुळई कापू नका ना." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गिऱ्हाईकाचा इसार घेतलाय."

दुसऱ्या दिवशी तुळईच्या चौकटी झाल्या. त्याआधी मी ती हाताने मोजली. नऊ हात भरली. तिचे चित्र काढले, ते या लेखाखाली चिकटवले आहे. भोक कुठे होते तेही दाखवले आहे.

पालकांना विनंती, ज्यांचे घर जुने व कौलारू आहे त्यांनी पावसाळ्याआधी ते शाकारून घ्यावे. बाबा म्हणतात, शाकारायला बोलावलंत तरी मी येईन.