पत्त्याची शेवटची दोन अक्षरे

पत्राच्या पाकिटावर आपण आधी नाव, मग मु. पो., ता., जि. असा पत्ता लिहितो. टपालाची वर्गवारी करणारा मात्र तो खालून वर वाचतो. आधी राज्य व जिल्हा, मग तालुका. नावाशी त्याला कर्तव्यच नसते. आंतरजालावरील पत्त्याचेही असेच आहे. एखाद्या महाविद्यालयाचा पत्ता ‘डॉट एसी डॉट इन’ असा संपत असेल, तर शोध ‘इन’पासून सुरू होतो. ‘इन’ची नोंदवही कोणाकडे, हे मूळ यादी सांगते, त्या नोंदवहीतून ‘एसी’चा माग लागतो आणि तेथे महाविद्यालयाचे नाव सापडते. हाती येतो तो एक क्रमांक, कारण यंत्रे एकमेकांना क्रमांकानेच ओळखतात.

ही पद्धत पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडली. त्यापूर्वी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि प्रत्येकाने तिची नक्कल उतरवून घ्यायची. संगणक वाढू लागले तसे हे काम आवाक्याबाहेर गेले.

1984 मध्ये या पत्त्यांचे शेवट ठरले. कॉम, एज्यु, गव्ह यांसारखे काही कामावरून, तर दोन अक्षरी शेवट देशांवरून. ही दोन अक्षरे आली कोठून? आंतरजाल उभारणाऱ्यांनी ती योजलीच नाहीत! आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1974 मध्ये देशांच्या संकेतांची एक यादी प्रसिद्ध केली होती. तीच त्यांनी उचलली. यात मोठे शहाणपण होते. देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरवणे आमचे काम नव्हे, अशी भूमिका जॉन पोस्टेल यांनी 1994 मध्ये लेखीच नोंदवली.

या यादीतील अक्षरे इंग्रजी नावावरूनच असतील असे नाही. जर्मनीचे ‘डीई’ हे डॉइचलांडवरून आले, तर स्वित्झर्लंडचे ‘सीएच’ त्या देशाच्या लॅटिन नावावरून. ब्रिटनने मात्र यादीतील ‘जीबी’ बाजूला ठेवून ‘यूके’ वापरले. आपल्याकडे 2014 पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हाही शेवट मिळतो.

आता प्रश्न असा की, देशच नाहीसा झाला तर? युगोस्लाव्हियाचा ‘वाययू’ 2010 मध्ये बंद झाला. सोव्हिएत संघाला ‘एसयू’ मिळाला 1990 मध्ये. पुढच्याच वर्षी तो देश संपला, पण ‘एसयू’चे पत्ते उरले. म्हणजे नियम एक आणि व्यवहार दुसरा.

कधी ही अक्षरे म्हणजे घबाडच ठरते. प्रशांत महासागरातील तुवालू हा जेमतेम अकरा हजार वस्तीचा देश. त्याच्या वाट्याला ‘टीव्ही’ आले! दूरचित्रवाणीच्या धंद्यातील लोकांना ते हवेच होते. तुवालूने 2000 मध्ये एका कंपनीशी करार केला आणि त्या पैशाच्या आधारे त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व घेतले. अर्थात, ‘टीव्ही’चा पत्ता दिसला म्हणून ते यंत्र तुवालूत आहे असे समजू नये. शेवटावरून नोंदवही कळते, यंत्राची जागा नव्हे.

‘आयओ’ची कथा मात्र वेगळी आहे. संगणकवाल्यांना त्यात ‘इनपुट-आउटपुट’ दिसते, म्हणून तो फार खपतो. वस्तुतः तो हिंदी महासागरातील चागोस बेटांचा संकेत. 1965 मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडून वेगळा प्रदेश केला. दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. त्यासाठी 1968 ते 1973 या काळात तेथील सर्व रहिवाशांना बेटांवरून हलवण्यात आले. ही बेटे मॉरिशसकडे सोपवण्याचा करार मे 2025 मध्ये झाला. हा ब्रिटिश प्रदेश मिटून त्याचा संकेत यादीतून निघाला, तर तो शेवट साधारणतः पाच वर्षांत बंद करावा असा नियम आहे. इकडे चागोसवासीयांची मागणी आहे की, आमच्या बेटांच्या अक्षरांवर मिळालेल्या पैशात आमचाही वाटा हवा.