मालकाचा बायोडेटा

बाळा, तुझे चार पानी कागद दोनदा वाचले. पहिल्याच ओळीत ‘संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी’ पाहून मला हसू आलं, रागावू नकोस. भोसरीत दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशीन, सात माणसं. याला आपल्याकडे सीईओ म्हणत नाहीत, शेठ म्हणतात. साधं ‘प्रोप्रायटर’ लिही आणि लगेच शेजारी काम लिही: उत्पादन, क्वालिटी, पार्ट्या सांभाळणं. सीईओ वाचलं की वाचणारा मनातल्या मनात माणसं मोजायला लागतो.

31 वर्षं मी पिंपरीतल्या एका कारखान्यात पर्सोनेलला काढली. धंदा बंद करून नोकरी मागायला आलेले कितीतरी मालक टेबलापलीकडे बसलेले पाहिले. त्यांच्या हुशारीबद्दल आम्हाला क्वचितच शंका असायची. धाकधूक निराळीच असायची. इतकी वर्षं स्वतः साहेब होता, आता साहेबाचं ऐकेल का? वर्षभरात पुन्हा गाळा भाड्याने घेऊन निघून जाईल का? आणि आमचीच पार्टी फोडणार नाही ना? तुझ्या कागदात याची उत्तरं आहेत का, तेवढं बघ.

पहिल्याचं उत्तर तुझ्याकडे आयतं आहे, तू ते दडवलंस. पार्टीची माणसं ऑडिटला यायची, त्रुटी काढायची आणि तू महिन्याच्या आत त्या निस्तरून फोटोसकट कळवायचास. दुसऱ्याच्या शिस्तीत काम करायची सवय याहून वेगळी ती काय असते? धंद्याआधीची तुझी चार वर्षांची नोकरीही शेवटच्या पानावर अर्ध्या ओळीत कोंबली आहेस. ती पुढे आण.

आकड्यांत घोळ आहे. ‘वार्षिक उलाढाल 62 लाख’ एवढंच लिहिलंस. वाचणारा म्हणेल, एवढुसा धंदा. पण तुझं सगळं जॉबवर्क. मटेरियल पार्टीचं, बिल फक्त मशीनिंगचं. तेच मटेरियल स्वतः विकत घेऊन माल दिला असतास तर आकडा केवढा तरी फुगला असता. तेव्हा ‘जॉबवर्क, मटेरियल पार्टीचं’ हे शब्द आकड्याला चिकटवूनच लिही, आणि जीएसटी धरून की सोडून तेही. माझ्या मते त्याहून बोलका आकडा दुसराच: महिन्याला किती नग बाहेर पडायचे आणि त्यातले किती परत यायचे. रिजेक्शन कुठून कुठे आणलंस ते गणपतीत मला तासभर ऐकवलंस, कागदावर मात्र ‘उत्कृष्ट गुणवत्ता’. जुनी चलनं आणि रिजेक्शन नोटा काढून बस. आठवणीतला आकडा नको. समोर क्वालिटीचा माणूस असला तर दोन प्रश्नांत पकडतो.

मात्र पार्टीची ड्रॉइंगं आणि रेट चुकूनही दाखवायचे नाहीत. जो जुन्या पार्टीचे रेट आम्हाला कौतुकाने दाखवायचा, त्याचा अर्ज मी मुकाट्याने बाजूला सारायचे. उद्या आमचेही तो असेच दाखवणार.

आता पुरावे. नोकरदाराकडे रिलिव्हिंग लेटर असतं, फॉर्म 16 असतो. धंद्याच्या वर्षांसाठी तुझ्याकडे दोन्ही नाहीत. पीएफच्या यूएएनवर जुनी नोकरी संपली की पुढे सगळं कोरं दिसणार, आणि तपासणारी एजन्सी तिथेच बोट ठेवते. म्हणून आयटी रिटर्न, उद्यमचं प्रमाणपत्र आणि एखाद्या पार्टीचं दोन ओळींचं पत्र एका फाइलला लावून ठेव. तारखा जुळव. तू 2016 लिहितोस, पण जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. पोर्टलवर नोंदणीची तारीख कुणालाही पाहता येते. आधीच्या काळासाठी उद्योग आधारचा कागद शोध. जीएसटी नंबर मात्र बायोडेटावरून आधी काढ. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे तुझं स्वतःचं पॅन. अनोळखी दहा जणांच्या ईमेलवर ते कशाला फिरवतोस? मागतील तेव्हा द्यावा.

‘शेवटचा पगार’ या रकान्यात तू घरखर्चाला काढायचास ती रक्कम भरलीस. तो पगार नव्हे. मालक स्वतःला पगार देत नाही, नफा हेच त्याचं उत्पन्न. तिथे तसं स्पष्ट लिही आणि रिटर्नमधला आकडा दे.

बंद का केलं? तुझा परिच्छेद वाचून मलाही राग आला. छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा 2006 पासून कायदा आहे, आणि तुझे चार-चार महिने अडकायचे. तरी तो परिच्छेद काढ. पार्टीशी भांडणारा माणूस कुणालाच नको असतो. दुर्दैवाने वाचणाराही कुणाची तरी पार्टीच असतो. ‘बहुतेक काम एकाच पार्टीचं होतं, ते थांबल्यावर देणी फेडून 2024 मध्ये बंद केलं.’ बस. ‘देणी फेडून’ हे शब्द विसरू नकोस. मशीनं विकली हेही लिही, म्हणजे परत गाळा घेशील ही शंका निम्मी तिथेच मिटते.

बाकी उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय हे सगळं काढ. स्थळ बघायचं नाहीये. दोन पानांच्या वर नको.

एक ओळ मात्र मला टोचली: ‘हिशेब, जीएसटी रिटर्न व वसुली: स्वतः सांभाळले’. स्वतः? आठ वर्षं टॅलीवर सूनबाई बसायची. रात्री अकराला पार्टीच्या अकाउंट्सवाल्याला मेसेज कोण करायचं, ते मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा पाहिलं आहे. ती ओळ तुझ्या कागदावरून खोड. तिच्या बायोडेटात ‘2016 ते 2024, गृहिणी’ असं लिहिलंय म्हणे, वहिनी सांगत होती. रविवारी दोघंही या. चलनांचे गठ्ठे तू आण आणि लॅपटॉप तिला आणायला सांग. आधी तिचा करू.