एकाच फोल्डरची कायम शोध-यादी : कोणाकडे किती माल बाकी, हे कॉम्प्युटरला विचारण्याची रीत

दोन वर्षांपूर्वी एका प्रोसेसवाल्याने आमच्याकडून गेलेल्या ग्रे कापडात अकरा ताके कमी आल्याचे कळविले. माल पुरा गेला होता व पोच दिल्याची सही चलानावर होती. मुनीमजींना विचारले, तर ते म्हणाले, “सेठ, चलान आहे. कॉम्प्युटरमध्येच आहे. पण मिळत नाही.” कॉम्प्युटरवर शोध लावला तर हजारो वस्तू समोर आल्या. त्यात आमच्या मुलीच्या निकाहाचे फोटो होते, जुन्या हिशोबाचे बॅकअप होते, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले सुप्रभातही होते. चलान पाचव्या दिवशी मिळाले. तोपर्यंत आम्ही हुज्जत नको म्हणून अर्धी रक्कम सोडून दिली होती.

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बहुतेकांच्या दुकानात, कारखान्यात आता कॉम्प्युटर आहे. त्यात कागद ठेवला जातो, पण वेळेवर बाहेर येत नाही. कारण आपण संपूर्ण घर धुंडाळतो. वास्तविक ज्या कपाटात वस्तू ठेवली तेवढेच पाहिले पाहिजे. विंडोजमध्ये एका फोल्डरपुरता शोध घेऊन तो शोधच नाव देऊन ठेवता येतो, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आज तीच सांगावयाची आहे.

आमच्या गोदामातील कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे, म्हणून रीत त्याचीच देतो. (मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविले, तरी यंत्र चालते. ज्यांनी विंडोज ११ घेतले आहे त्यांना खाली सांगितलेली वरची पट्टी तेथे दिसणार नाही.) प्रथम फाईल एक्सप्लोरर उघडून आपण ज्या फोल्डरात शोधणार त्यात आत जावे. ही पायरी गाळू नये, कारण शोधाची हद्द येथेच ठरते. मग उजवीकडे वर असलेल्या शोधाच्या चौकटीत शब्द लिहून एन्टर दाबावे. वर ‘सर्च’ नावाची पट्टी येते. तिच्यात ‘धिस पीसी’, ‘करंट फोल्डर’ व ‘ऑल सबफोल्डर्स’ अशी निवड आहे. पहिली निवड म्हणजे सारा कॉम्प्युटर. तिला हात लावू नये. दुसरीत फक्त तो फोल्डर, व तिसरीत त्याच्या पोटातील फोल्डरही येतात. आम्ही तिसरी घेतो. यादी मनासारखी आली की त्याच पट्टीतील ‘सेव्ह सर्च’ दाबावे व आपल्याला समजेल असे नाव द्यावे. ती ‘सर्चेस’ नावाच्या फोल्डरात जाऊन बसते. हवी तर जतन करतानाच डेस्कटॉप निवडावा, म्हणजे सकाळी समोर दिसेल.

येथवर एखादा म्हणेल, यात विशेष ते काय? विशेष हे की जतन होते ती यादी नव्हे, प्रश्न जतन होतो. उद्या त्या फोल्डरात नवे चलान आले की यादी उघडताच ते तिच्यात असते. कोणी भरावे लागत नाही. त्या पट्टीवर ‘डेट मॉडिफाइड’ म्हणून एक बटण आहे. त्यातून ‘धिस मंथ’ निवडून शोध जतन केला तर पुढच्या महिन्यात तीच यादी पुढच्या महिन्याचे कागद दाखविते. मात्र ही तारीख फाईलमध्ये शेवटचा बदल कधी झाला त्याची असते, बिलाची नव्हे. जुने बिल उघडून पुन्हा जतन केले की ते आजचे होऊन बसते. म्हणून आम्ही तारखेसाठी त्या बटणावर भरवसा ठेवत नाही, तारीख फाईलच्या नावातच घालतो.

नावाचा मुद्दा नीट समजून घ्यावा. सारा खेळ त्यावर आहे. आम्ही नाव असे देतो : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे ‘चलान’ किंवा ‘बिल’ हा शब्द, त्याचा नंबर, आणि शेवटी पार्टीचे नाव. वर्ष पुढे ठेवले की नावाच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. शब्दांमध्ये जागा सोडावी; सारे एकात एक चिकटवले तर मधला शब्द सापडेलच असे नाही. बिलाच्या नंबरात पुष्कळांकडे तिरकी रेघ असते. फाईलच्या नावात विंडोज ती घेत नाही, तेथे आडवी रेघ द्यावी.

दुसरी अडचण खास आपली आहे. नावे आम्ही रोमन अक्षरांत लिहितो, आणि आपल्या नावांचे स्पेलिंग म्हणजे ज्याचे त्याचे राज्य! ‘शेख’ कोणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कोणी मधल्या ‘ए’च्या जागी ‘ई’ घालतो, कोणी शेवटचा ‘एच’ सोडून देतो. ‘मोमीन’चे व ‘अन्सारी’चेही तेच. उर्दूत एकदा लिहिले की संपले. येथे एकच माणूस कॉम्प्युटरला तीन माणसे वाटतो. यावर दोन उपाय आहेत. शोधाच्या चौकटीत तिन्ही स्पेलिंगे लिहून त्यांच्या मध्ये मोठ्या लिपीतील ‘ओ-आर’ घालावे, म्हणजे यांपैकी कोणतेही चालेल असा अर्थ होतो. आणि हा लांबलचक शोध एकदाच लिहून जतन करावा. दुसरा उपाय अधिक पक्का. पार्टीचा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर फाईलच्या नावात घालावा. नंबराला दुसरे स्पेलिंग नसते.

आता ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट. सूत सायझिंगला जाते, कापड प्रोसेसला जाते, सदऱ्याचे कापड भरतकामाला जाते. हा सारा जॉबवर्कचा माल चलानावर बाहेर पडतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, किंवा तेथूनच विकला गेला पाहिजे. तसे झाले नाही तर तो ज्या दिवशी पाठविला त्याच दिवशी पुरविला असे धरतात, म्हणजे कर आला व मागील तारखेपासून व्याजही आले. आमच्या धंद्यात माल पाठविला कोणाला हे सर्वांना आठवते. परत आला नाही कोणाचा, हे कोणाला आठवत नाही.

आम्ही सर्व जॉबवर्क चलाने एका फोल्डरात ठेवली आहेत. माल परत आला की मुनीमजी त्या चलानाच्या नावाच्या शेवटी ‘वापसी’ हा शब्द जोडतात, एवढेच. आणि त्या फोल्डरापुरता शोध आम्ही असा जतन केला आहे : ‘चलान’, मग मोठ्या लिपीत ‘एन-ओ-टी’, मग ‘वापसी’. ज्या चलानाच्या नावात वापसी आली ते यादीतून आपोआप उतरते. राहिले ते बाकी, व सर्वांत जुने सर्वांत वर. ही यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा वर चार चलाने अशी होती की ज्यांना दहा महिने होऊन गेले होते. त्यातील एक कारागीर तर म्हणाला, “आम्हाला वाटले तुम्ही तो माल विसरलात!” खरेच विसरलो होतो. जोडावयाचा शब्द मात्र चलानावर छापलेला नसावा, कारण विंडोज काही ठिकाणी फाईलच्या आतील मजकूरही वाचते व भलतेच चलान यादीतून गाळले जाईल.

शिलाईवाले, जरीवाले, फर्निचरवाले यांनीही हेच करावे. ऑर्डरीच्या कागदाचा फोटो घ्यावा, नाव द्यावे, काम पोचते केले की ‘दिले’ जोडावे. फोटोच्या आत काय लिहिले आहे ते विंडोजच्या या शोधाला वाचता येत नाही, इनपेजमध्ये केलेल्या उर्दू फाईलचेही तेच. तेव्हा तेथे नाव हीच एकमेव खूण आहे.

यात धोके आहेत, आणि ते आम्ही भोगले आहेत. आमच्या भाच्याने एके दिवशी यादीतील साठ-सत्तर फाईली पुसल्या. “मामू, यादी फार लांब झाली होती, म्हणून साफ केली.” त्याला वाटले यादी वेगळी व कागद वेगळे. तसे नाही. यादीत दिसते ती खरी फाईल असते. तेथून पुसली की मूळ जागेवरूनच जाते. रीसायकल बिनमधून परत मिळाल्या, म्हणून वाचलो. पेन ड्राइव्हवरील फोल्डर असता तर तेही नशिबी नव्हते. उलट, जतन केलेला शोधच पुसला तर कागदाला काही होत नाही. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

दुसऱ्या वेळी वकीलसाहेबांकडे कागद पाठविताना मुनीमजींनी शोधाचीच फाईल पेन ड्राइव्हवर घातली. तिकडे उघडली तर रिकामी. तिच्यात प्रश्न व फोल्डरचा पत्ता याखेरीज काही नसते. कागद द्यावयाचे तर यादी उघडून सर्व फाईली निवडाव्यात, कॉपी कराव्यात व पेन ड्राइव्हवर पेस्ट कराव्यात. तो पत्ताही जसा लिहिला तसाच राहतो. फोल्डरचे नाव बदलले किंवा तो दुसऱ्या ड्राइव्हवर नेला तर यादी रिकामी येते, आणि मनुष्य समजतो की आता कोणाकडेच काही बाकी नाही! याच कारणास्तव एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू होताना नव्या वर्षाचा फोल्डर जुन्याच्या शेजारी, पण मोठ्या ‘जॉबवर्क’ फोल्डरच्या पोटात काढावा. शोध त्या मोठ्या फोल्डरवरच जतन केलेला असावा.

शोध फार हळू चालत असेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडावे, ‘मॉडिफाय’ दाबावे व आपल्या फोल्डरापुढे खूण करावी. डी ड्राइव्हवर ठेवलेले फोल्डर बहुधा त्यात आधीपासून नसतात. खूण केल्यावर कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवावा. कागद पुष्कळ असतील तर सूची बनावयास वेळ लागतो. आमच्याकडे गुरुवारी रात्री चालू ठेवला होता, शुक्रवारी नमाजनंतर दुकान उघडले तेव्हा यादी पटकन आली.